आमच्या गल्लीत गतिरोधक बसवून घ्यायचा आहे. अर्ज कोणाकडे करावा?

अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील रस्ते विभागाकडे करावा, एक प्रत वाहतूक पोलिसांना द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. परंतु असाच अर्ज नऊ वर्षांपूर्वी मी केला होता आणि त्याचे फळ माझ्या आईने भोगले, म्हणून पुढचेही वाचावे.

आमच्या गल्लीत एका टेम्पोने शाळकरी मुलाच्या सायकलला धक्का दिला, तेव्हा दारोदार फिरून ३२ घरांच्या सह्या मी गोळा केल्या. दोन महिन्यांनी शेजारच्या रस्त्याचे डांबरीकरण झाले, तेव्हा उरलेला माल ठेकेदाराच्या माणसांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओतला, त्यावर रोलर फिरवला आणि पांढरे पट्टेही न मारता ते निघून गेले. मी त्या दिवशी पेढे वाटले होते, हेही कबूल करतो. पुढच्याच वर्षी आईचा मणका मोडला. तिला रुग्णालयातून घरी आणताना रिक्षावाल्याने तो उंचवटा तिरपा घेतला, त्यामुळे पुढचे चाक, मग डावे, मग उजवे असे तीन दणके बसले. ‘‘हे कोणी केलं रे?’’ असे आईने विचारले आणि मी उत्तर दिले नाही.

त्याच संध्याकाळी टेप घेऊन मी मोजमाप केले: रुंदी दोन फूट, उंची सहा इंच. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी ९९, जी २०१८ मध्ये सुधारली गेली) गोल माथ्याच्या गतिरोधकाची रुंदी, वाहनाच्या दिशेने मोजल्यास, ३.७ मीटर म्हणजे सुमारे १२ फूट आणि उंची १० सेंटिमीटर दिलेली होती. ताशी २५ किलोमीटरने तो सुखरूप ओलांडता यावा, हा त्यामागील हिशेब.

माझे मेहुणे मात्र आजतागायत म्हणतात की जितका उंच तितका धाक. हे साफ चूक आहे. अरुंद उंचवट्यावरून मोटार वेगाने नेली तर बराचसा धक्का चाके आणि स्प्रिंगाच गिळून टाकतात, आतल्या माणसाला तो हळू जाण्यापेक्षा कमी जाणवतो, आणि टेम्पोवाले हे आठवडाभरात शिकतात. रुंद गतिरोधकावर अख्खी गाडी चढते, म्हणून वेग वाढवावा तसा त्रास वाढतो. आमच्याकडे शिक्षा झाली ती रिक्षांना, सायकलींना आणि मणका मोडलेल्या म्हाताऱ्यांना. मेहुणे स्वतः उंच चारचाकीतून फिरतात, त्यांना हे पटणार कसे?

तेव्हा अर्जात नुसते ‘गतिरोधक’ असे न लिहिता मापे लिहावीत, काळे-पांढरे पट्टे, ४० मीटर अलीकडे सूचनाफलक आणि कडेने पाणी जाण्यास वाट मागावी, आणि काम चालू असताना स्वतः टेप घेऊन उभे राहावे. खिळ्यांनी ठोकलेल्या रबरी पट्ट्या स्वीकारू नयेत. पट्ट्या उखडतात आणि खिळे रस्त्यातच राहतात.

अर्थात, फाटकांना फाटके लागून असलेल्या गल्लीत १२ फूट मोकळी जागा मिळेलच असे नाही, आणि आपला रस्ता बसचा किंवा रुग्णवाहिकांच्या रोजच्या वाटेचा असेल तर अर्जच करू नये. आमचा उंचवटा अजून तसाच आहे. तो काढण्यासाठी मी दिलेल्या अर्जाला चार वर्षे झाली. त्यावर सह्या ११ आहेत आणि त्यांत मेहुण्यांची नाही.