नात्याच्या रकान्यात काय लिहायचं?

साठी ओलांडलेले समलिंगी जोडीदार माझ्याकडे येतात ते बहुधा झोप, रक्तदाब नाहीतर चिडचिडीची तक्रार घेऊन. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतो: माझ्यामागे हिचं काय होणार? किंवा, याचं काय होणार? आणि त्याला चिकटूनच दुसरी धास्ती असते. सोय करायची म्हटली तर आता या वयात सगळ्यांना सगळं सांगत सुटावं लागणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. तीस-चाळीस वर्षं कुणाला न सांगता ज्यांनी नेटका संसार केला, त्यांना बोलतं करून जगासमोर उभं करणं हे माझं काम आहे असं मला वाटत नाही. कुणाला हौस असेल तर जरूर सांगावं. पण कागदपत्रं त्यासाठी अडून राहात नाहीत. हे नीट कळावं म्हणून एका जोडीची हकीकत सांगते. दोघींची परवानगी आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

सुधाताई 68 वर्षांच्या, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नलिनीताई 71 वर्षांच्या, हायस्कूलच्या शिक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दोघींनी एकत्र खोली घेतली तेव्हा शेजारपाजाऱ्यांना सांगताना दोघी मैत्रिणी होत्या. 1987च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. ती बातमी नलिनीताईंच्या शाळेत मधल्या सुट्टीत चघळली गेली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, आजपासून आपण मावसबहिणी. हे नातं त्यांना छान पुरलं. बदल्या झाल्या, गावं बदलली, निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घेतला, तिथेही मावसबहिणीच. 2018च्या सप्टेंबरात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 बद्दलचा निकाल टीव्हीवर चालू होता, तेव्हा स्वयंपाकाच्या बाई घरात होत्या म्हणून यांनी मालिका लावली.

मग नलिनीताई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. सुधाताईंनी रुग्णालयात नेलं, फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ‘बहीण’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नलिनीताईंचा भाचा आला. म्हणजे त्यांच्या दिवंगत भावाचा मुलगा. विम्याच्या काउंटरवर त्याने सहज सांगितलं, बहीण वगैरे कुणी नाही, आत्याची जुनी मैत्रीण आहे. त्यात त्याचा काही डाव नव्हता. अनामत रक्कमही त्यानेच भरली. पण त्या वाक्यानंतर डॉक्टर त्याच्याशीच बोलू लागले. सुधाताई रात्रभर बाहेरच्या बाकावर.

‘‘मी स्वतः नोकरीभर लोकांना विचारत आले, पेशंटचे तुम्ही कोण?’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘पहिल्यांदाच कळलं, हा प्रश्न कसा लागतो.’’

पहिल्या दोन भेटींत त्यांनी नलिनीताईंचा उल्लेख ‘मैत्रीण’ असाच केला. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, ‘‘मॅडम, मैत्रीण म्हणजे... नुसती मैत्रीण नाही.’’ मी म्हटलं, पुढचं नाही सांगितलंत तरी आपलं काम चालेल. त्या बऱ्याच वेळ रडल्या आणि मग सगळं सांगितलं.

त्यांना झोप का लागत नव्हती ते उघड झालं. घर नलिनीताईंच्या एकटीच्या नावावर होतं, कारण कर्ज त्यांच्या पगारावर मिळालं होतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून भाचा. मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार लग्न न केलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिची स्वकष्टाची मालमत्ता आई-वडिलांकडे आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे इथे सरळ भाच्याकडे. निम्मे हप्ते सुधाताईंनी भरले होते, पण रोख हातात देऊन. त्याचा पुरावा कुठेच नव्हता.

मृत्युपत्राचा विषय सुधाताईंनी घरी काढला तेव्हा वाक्य तोंडून निसटलं ते असं: ‘‘तू गेलीस तर मी कुठे जाऊ?’’ नलिनीताई वॉकरवर चालायला शिकत होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढंच की ही माझ्या मरणाचा हिशेब करतेय. दोन दिवस अबोला. हे फार घरांत होतं, नवरा-बायकोतही. म्हणून मी दोघींना आधी वेगवेगळं भेटले. नलिनीताईंचा राग खरं तर त्या वाक्यावर नव्हताच. ‘‘सोसायटीत माझी एक विद्यार्थिनी राहते, तिचा नवरा वकील. टायपिंग करणारा मुलगा वाचणार, नोटरी वाचणार. ‘जोडीदार’ असं स्टॅम्पपेपरवर एकदा आलं की उद्या भाजीवालीला कळेल,’’ असं त्या म्हणाल्या.

इथे मी त्यांना दुसऱ्या भागातल्या एका वकील बाईंकडे पाठवलं. तिथून आल्या त्या जरा हलक्या होऊन. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागतच नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद होण्याची शक्यता असेल तर केलेली बरी. आणि सुधा आपली कोण, हे त्यात लिहावंच लागत नाही. मालमत्ता कुणालाही देता येते. त्यांनी लिहिलं: ‘माझ्यासोबत अनेक वर्षं राहात असलेल्या व माझी सर्व सेवाशुश्रूषा करणाऱ्या श्रीमती अमुक’. शिवाय भाच्याला फ्लॅट का देत नाही याचं एक वाक्य, कारण जवळच्या वारसाला वगळताना कारण दिलेलं असलं की पुढे कोर्टात संशयाला जागा कमी उरते. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, की बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. वकील बाईंची सगळ्यात कडक सूचना सुधाताईंना होती: मसुदा करताना, सही होताना तुम्ही त्या खोलीत असायचं नाही. ज्याला मिळणार त्यानेच धावपळ केलेली दिसली की मृत्युपत्रावर बोट ठेवणं सोपं जातं.

मधे एकदा नलिनीताईंनी उत्साहाच्या भरात जाहीर केलं, कशाला मरेपर्यंत थांबा, आत्ताच बक्षीसपत्र करून टाकते. त्यांना थांबवावं लागलं. मुलाबाळांना, नवरा-बायकोला राहतं घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांकशुल्कात जी मोठी सवलत मिळते, ती कायद्याच्या लेखी परक्या असलेल्या बाईला नाही. वर प्राप्तिकर कायद्यात ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून 50,000 रुपयांच्या वर काही भेट मिळाली तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. मृत्युपत्राने आलेल्यावर तो कर नाही. (भेटीवरच्या कराच्या या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने 2025 साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.) आणि कराचं सोडा, हयातीत घर नावावरून घालवू नये असं मी सगळ्याच ज्येष्ठांना सांगते, ती व्यक्ती कितीही जिवाभावाची असो.

सोसायटीच्या सचिवांकडे सुधाताईंना सहयोगी सदस्य करता येईल का अशी चौकशी झाली. आपल्या सहकारी कायद्यात त्यासाठी नात्यांची यादीच दिलेली आहे: नवरा, बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, जावई, सून, भाचे-पुतणे. सुधाताई कशातच बसेनात. नॉमिनी मात्र कुणालाही करता येतं, ते बदललं. लोकांचा इथे नेहमी घोळ होतो: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो ताबा सांभाळतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. नुसतं नॉमिनेशन करून निर्धास्त झालेली बरीच माणसं मी पाहिली आहेत.

बँकेचं काम सगळ्यात सोपं निघालं. दोन परक्या माणसांना संयुक्त खातं काढायला पूर्वीही बंदी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, पण सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीच आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही एकाच घरातले धरा, असं राज्यांना कळवलं गेलं. शाखेत कुणी उगाच कारणं विचारू लागलं तर हे सांगता येतं. खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल ती’ असा पर्याय घेतलात ना, हे मात्र पासबुक उघडून बघा. फॅमिली पेन्शनचं दार बंदच आहे. सुधाताईंना स्वतःची पेन्शन आहे म्हणून निभावलं. जिथे एकाच्याच पेन्शनवर घर चालतं, तिथे दुसऱ्याच्या नावावर आजपासून काहीतरी साठवायला लागा.

आता रुग्णालय, जिथून हे सगळं सुरू झालं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती पुरेशी असते, आणि माझ्या आजाराबद्दल कुणाला सांगायचं हे तोच ठरवतो. म्हणून पुढच्या तपासणीला नलिनीताईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं: माझी माहिती यांना द्यावी, निर्णयात यांना विचारावं. ते पत्र फाइलला लावून घेतलं. शुद्ध नसेल तेव्हा काय, हा अवघड भाग. साधं कुलमुखत्यारपत्र तिथे दगा देतं, कारण देणाऱ्याचं भान गेलं की त्याची ताकदही जाते. अखेरच्या आजारातल्या निर्णयांसाठी वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या इच्छामरणावरच्या 2018च्या निकालात त्याची पद्धत फार किचकट होती. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मानसिक आजाराच्या उपचारासाठी 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणखी सोपी वाट दिली आहे: साध्या कागदावर कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपली प्रतिनिधी नेमता येतं.

नलिनीताईंनी वैद्यकीय इच्छापत्रात दोन नावं घातली, सुधाताईंचं आणि भाच्याचं. सुधाताई आधी दुखावल्या. मला ती निवड शहाणपणाची वाटली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2024 साली राज्यांना कळवलंय की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यावा. पण इथे नातेवाईक आहे, आणि तो धावून येणारा आहे. त्याला शत्रू करून ठेवण्यापेक्षा आधीच कामाला लावलेला बरा.

त्याला घरी बोलावून नलिनीताईंनी फ्लॅटबद्दल स्वतः सांगितलं. पोह्यांची बशी त्याच्या हातात असताना. तो गप्प राहिला, मग म्हणाला, आत्या, मला एवढंच कळव की कुठला कागद कुठे ठेवलाय. सुधाताई तुझ्या कोण, हे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्याला माहीत आहे असा माझा अंदाज आहे.

कागद झाले आणि सुधाताईंची झोपही बरीच सुधारली. पण आपल्यासारखी दुसरी एकही जोडी या दोघींनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ज्येष्ठ नागरिक संघात जात, तिथे सुना आणि नातवंडं यापलीकडे गप्पा सरकत नाहीत. पुरुषांसाठी तरी थोडंफार आहे: मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट आहे, पन्नाशीपुढच्यांचा ‘सीनेजर्स’ गट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत या विषयावर भरपूर लिहिलं. बायकांसाठी मुंबईचा ‘लाबिया’ गट नव्वदच्या दशकापासून आहे, पण सत्तरीच्या बायका अशा ठिकाणी आपणहून जातात हे क्वचित. प्राइड मोर्च्याचं नाव काढताच नलिनीताई म्हणाल्या, माझा खुबा आणि तो ढोल, दोन्ही एकत्र नको. मग मी त्यांच्या संमतीने त्यांची गाठ माझ्याकडे पूर्वी येऊन गेलेल्या, साठीतल्याच एका जोडीशी घालून दिली. महिन्यातून एकदा चौघी भेटतात, पत्ते खेळतात.

‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट सप्टेंबर 2025 मध्ये थिएटरात लागला तेव्हा त्या दुपारच्या खेळाला जाऊन आल्या. सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळालंय वगैरेशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेल्या एका समलिंगी मुलाची ती गोष्ट आहे. नलिनीताईंनी पुढच्या भेटीत विचारलं, मी गेले तर सुतक हिला की भाच्याला? मी म्हटलं, यासाठी कुठल्याही कार्यालयात अर्ज नाही, तुम्ही दोघींनी ठरवा. त्यांनी ठरवलंय म्हणे. मला सांगितलं नाही.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी: बायकांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, फोन 15100. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी 14567, मन फार खचलं तर टेलिमानस 14416. तिन्हीकडे फोन करताना नातं सांगावं लागत नाही.

सुधाताईंचं स्वतःचं मृत्युपत्र अजून व्हायचं आहे. मी ठणठणीत आहे, माझी काय घाई, असं त्यांचं चाललंय. मिरजेच्या भावाच्या तीन मुली कायदेशीर वारस लागतात, ठेवींवर कुणाचंच नाव नाही. पुढची तारीख त्यासाठी घेतली आहे. नलिनीताई म्हणाल्या, या खेपेला बाहेरच्या बाकावर मी बसते, पुस्तक घेऊन येईन.