वीजकेंद्राजवळच्या शेतातली माती कशी तपासावी? तिथला पालक खावा का?

शेत नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राजवळ, पानांवर राख बसते, मग नेमकी कोणती तपासणी करावी आणि घरचा पालक खावा का, असं तुम्ही विचारलंय.

मृदा आरोग्य पत्रिका इथे कामाची नाही. तिच्यात जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन असतं. राखेतून येऊ शकणारे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक हे विषारी धातू नसतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत हे धातू आयसीपी-एमएस या अगदी कमी प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर मोजायला सांगा. शिसं-कॅडमियमचा 'एकूण' आकडा आणि डीटीपीएचा (या द्रावणात मातीतून सुटणाऱ्या धातूचा) आकडा, दोन्ही मागा. पिकाला यातलं साधारण किती मिळेल, हे दुसऱ्यावरून कळतं. आर्सेनिकला मात्र डीटीपीए लागू नाही.

लोक हमखास चुकतात ते नमुना घेताना. शेतात नागमोडी फिरून १५-२० ठिकाणची माती घ्या, पण प्रत्येक ठिकाणी दोन थर वेगळे ठेवा: ०-५ सेंमी आणि ३०-४५ सेंमी. काळी माती बेसाल्टची असते, त्यामुळे तिच्यात निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच जास्त. दोन्ही थरांत आकडा सारखाच आला तर तो बहुधा खडकाचा. वरच्या थरात ठळकपणे जास्त आला तर वरून काहीतरी पडतंय (राखच असं नाही, खतंही असू शकतात). खुरपं स्टीलचं, बादली प्लॅस्टिकची. जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं वापरलं की जस्ताचा आकडा बिघडलाच. नमुने मेमध्ये घ्या, राखेचे तलाव सुकून धूळ उडते तेव्हा. २०२२ च्या जुलैत खसाळा गावाजवळचा राख-बांध फुटला होता; तेव्हाचा गाळ तुमच्या शेतात आला असेल तर तो भाग वेगळा तपासा.

पालकाचे दोन वाटे करा. एक न धुता द्या, दुसरा वाहत्या पाण्यात तीनदा धुऊन. फरक मोठा आला तर धातू धुळीतून आलाय, म्हणजे धुण्याने प्रश्न बराचसा सुटतो. धुतलेल्या पाल्यातही आकडा चढाच असेल तर तो बहुधा मुळांतून येतोय, मग पालेभाजी बंद. मर्यादा ओल्या वजनावर असते: पालेभाजीत शिसं ०.३, कॅडमियम ०.२ मिग्रॅ प्रति किलो. अहवाल बऱ्याचदा सुक्या वजनावर येतो. पालकात नव्वद टक्के पाणी, म्हणून तो आकडा दहाने भागा; नाहीतर उगाच घाबराल.

चुना टाकू नका, काळ्या मातीत तो आधीच भरपूर असतो. गंधक नको, आम्लता वाढली की कॅडमियम मोकळं होतं. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, आणि जस्ताची कमतरता असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट. जस्त कॅडमियमला मुळाशी अडवतं. पालेभाजीच्या जागी तूर किंवा कपाशी बरी. जवस मात्र टाळा, ते बियांत कॅडमियम साठवतं.

'मोहरी लावा, ती धातू शोषून घेते, माती स्वच्छ होईल' या सल्ल्याचं गणित करून बघा. एकरात १५ सेंमी थराची माती सुमारे ९ लाख किलो. त्यात किलोमागे ४० मिग्रॅ जादा शिसं धरलं तर ३६ किलो झालं. पिकाचं सुकं वजन ४ टन आणि त्यात किलोमागे २० मिग्रॅ धरा, तर वर्षाला निघालं ८० ग्रॅम. म्हणजे ४५० वर्षं! आणि कापलेली मोहरी गुरांनाही घालता येत नाही, जाळताही येत नाही.