नको असलेल्या मेसेजना वैतागून एजंटचा नंबर जाहीर केला, आता अब्रुनुकसानीची नोटीस आली आहे

प्रश्न : घर भाड्याने हवे होते म्हणून एका संकेतस्थळावर चौकशी केली आणि मोबाइल नंबर दिला. घर मिळाले, पण एका एजंटचे जाहिरातीचे एसएमएस, फोन आणि व्हॉट्सॲप मेसेज थांबेनात. दोनदा लेखी 'नको' कळवले. १९०९ वर (नको असलेल्या मेसेज-फोनच्या तक्रारीचा नंबर) तक्रार केली, ती 'बंद' असा मेसेज आला. शेवटी संतापून मी समाजमाध्यमावर त्याचा फोटो व नंबर टाकला आणि लिहिले, "हा चोर आहे, लोकांचे नंबर विकतो. याला फोन करून हैराण करा." आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. सात दिवसांत जाहीर माफी आणि पाच लाख रुपये द्या, नाहीतर अब्रुनुकसानीचा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ खाली खटला, असे त्यात आहे. मेसेज अजूनही येतातच. काय करू?

उत्तर : ताई, त्रास तुम्हाला झाला आणि नोटीसही तुम्हालाच आली, त्यामुळे वाटणारी चीड समजण्यासारखी आहे. पण ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. त्याने मेसेज पाठवणे हा त्याचा नियमभंग, आणि तुमची पोस्ट हा तुमचा प्रश्न. एकाने दुसरे माफ होत नाही. म्हणून आधी पोस्टचे बघू.

कलम ६६-अ ची भीती मनातून काढून टाका. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याखाली खटला होऊच शकत नाही. पाच लाखांचा आकडाही तूर्त फक्त मागणी आहे. ती वसूल करायची तर त्याला दिवाणी दावा लावावा लागेल, त्यावर कोर्ट फी भरावी लागेल आणि बदनामी सिद्ध करावी लागेल. असा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आतच लावता येतो. पैसे देऊ नका.

फौजदारी बाजू मात्र हलक्यात घेऊ नका. अब्रुनुकसानीचे कलम आता भारतीय न्याय संहितेचे ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस दारात येऊन अटक करतील ही धास्ती नको. ज्याची बदनामी झाली त्यानेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते, आणि दखल घेण्याआधी तुमचे म्हणणे ऐकण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मध्ये आहे.

आता तुमची वाक्ये एकेक करून पाहा. 'नको सांगूनही मेसेज पाठवतो' एवढेच लिहिले असते, तर ते खरे आहे, कागदावर दाखवता येते, आणि लोकांना सावध करणे हे सार्वजनिक हिताचे होते असे म्हणता आले असते. कलमाला अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी केलेले खरे विधान हा एक, आणि स्वतःच्या किंवा लोकांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान हा दुसरा. पण 'चोर' आणि 'नंबर विकतो' ही तुम्ही तथ्य म्हणून केलेली विधाने आहेत आणि त्यांचा पुरावा तुमच्याकडे नाही. नंबर त्याला संकेतस्थळाकडून मिळाला असेल, तर विकणारा तो नव्हेच. सर्वांत नडणारे वाक्य 'हैराण करा' हे आहे. त्यानंतर सद्भावनेचा बचाव उभा करणे फार अवघड होते.

म्हणून आजच्या आज पोस्ट काढा, पण आधी जतन करून. पोस्ट, तारीख, पोस्टची लिंक आणि खालच्या सगळ्या प्रतिक्रिया यांचे स्क्रीनशॉट घ्या. पोस्ट काढणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. उलट ती जितके दिवस राहील तितकी नुकसानीची मागणी वाढायला वाव मिळतो. त्याला फोन करू नका, समजावायलासुद्धा नाही. तो रेकॉर्ड करत असेल असे गृहीत धरा.

नोटिशीला उत्तर द्यायलाच हवे, आणि वकिलामार्फत दिलेले बरे. उत्तर लहान असावे. 'आपल्या अशिलाने अमुक तारखेपासून माझ्या क्रमांकावर माझ्या इच्छेविरुद्ध जाहिराती पाठवल्या. मी अमुक व अमुक तारखेला लेखी नकार कळवला, तरी मेसेज सुरूच आहेत. वादातील मजकूर मी माझे सर्व हक्क अबाधित ठेवून अमुक तारखेला काढला आहे. आपली मागणी मला मान्य नाही.' एवढे पुरे. 'रागाच्या भरात लिहिले' किंवा 'माफ करा' असे स्वतःहून घालू नका, पुढे ती कबुली म्हणून वाचली जाते. शेवटच्या वाक्याबद्दल खेद व्यक्त करून मिटवायचे असेल, तर ती शब्दरचना वकिलावर सोडा. उत्तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तुम्ही बाई आहात म्हणून 'पाठलागाची उलट तक्रार ठोका' असा सल्ला कोणीतरी देईलच. तो मानू नका. न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीशी वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी तिच्या नकारानंतरही वारंवार संपर्क करणाऱ्यासाठी आहे. फ्लॅटच्या जाहिराती त्यात बसत नाहीत, आणि ओढूनताणून केलेल्या तक्रारीने तुमची खरी तक्रारही संशयास्पद ठरते.

खरी तक्रार भक्कम आहे, फक्त ती नीट करायला हवी. एसएमएस आणि फोन यांना ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) २०१८ चे विनियम लागू आहेत, आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या दुरुस्तीने ते ग्राहकाच्या बाजूने बरेच बदलले. पूर्वी मेसेज आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. जाहिराती पाठवण्यासाठी नोंदणी न केलेल्या प्रेषकाविरुद्ध दूरसंचार कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे. त्यासाठी डीएनडीत ('जाहिराती नकोत' अशा नोंदणीत) नाव असण्याचीही गरज नाही.

मग तुमची तक्रार बंद का झाली? अशी तक्रार सहसा तीन कारणांनी पडते : तारीख किंवा नंबर चुकला, मुदत उलटली, किंवा पाठवणाऱ्याने 'ग्राहकाची संमती होती' असे दाखवले. तुमच्या बाबतीत तिसरे कारण संभवते, कारण चौकशी तुम्हीच केली होती. पण चालू व्यवहार पूर्ण करण्यासाठी दिलेली संमती आता सात दिवसच टिकते. घर मिळून गेल्यावरही तिच्याकडे बोट दाखवणे चालणार नाही.

मेसेज कोणाच्या नावाने येतो ते नीट पाहा. साध्या दहा आकडी नंबरावरून येत असेल, तर तो नोंदणी न केलेला प्रेषक आहे आणि तिथे तुमची बाजू सर्वांत मजबूत आहे. अक्षरी नावाने येत असेल, तर शेवटचे अक्षर बघा : पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. जाहिरात असून मागे एस लावलेले असेल, तर तक्रारीत ते आवर्जून लिहा. पुढचा मेसेज आला की त्याच दिवशी १९०९ ला एसएमएस करा : मेसेजचा मजकूर, स्वल्पविराम, पाठवणाऱ्याचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. फोन असेल तर मजकुराच्या जागी कॉल कशाबद्दल होता ते एका ओळीत. तक्रार क्रमांक येईल, तो वहीत उतरवा. ट्रायच्या डीएनडी ॲपवरूनही हे करता येते. आणखी एक महत्त्वाचे : एका प्रेषकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाईचा उंबरठा गाठला जातो. त्याच एजंटचे मेसेज ओळखीत आणखी कोणाला येत असतील, तर प्रत्येकाने स्वतःच्या नंबरावरून तक्रार करावी. पहिल्या भंगाला पंधरा दिवस आउटगोइंग बंद होते, पुन्हा घडल्यास वर्षभरासाठी त्याची सगळी दूरसंचार साधने तोडली जातात. असल्या धंद्याला ही शिक्षा पोस्टपेक्षा कितीतरी जास्त झोंबते.

व्हॉट्सॲपला मात्र १९०९ चा उपयोग नाही. तिथे आधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, मगच रिपोर्ट आणि ब्लॉक. घाईत ब्लॉक करताना चॅट पुसली जाऊ शकते आणि पुरावा जातो. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरची 'चक्षू' ही सोय मुख्यतः फसवणुकीचा संशय असलेल्या मेसेजसाठी आहे.

संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा : माझा नंबर कोणाला, कधी दिला ते कळवा, संमती मागे घेते आहे, माहिती काढून टाका. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित प्रथा आहे. पण चौकशी करताना 'एजंटांनी संपर्क साधावा' या चौकोनावर तुम्ही खूण केली होती का, ते आठवा. शिवाय सेवा फुकट असेल, तर तुम्ही 'ग्राहक' आहात का यावरच ग्राहक आयोगात वाद होईल. त्यामुळे त्या वाटेवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मागे घेण्याचा हक्क देणारी कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तरी ईमेल आताच पाठवा, तारखेची नोंद राहते.

फोन फॉरमॅट करू नका, बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक भाग तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा) नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडून नोटीस आली, तर तारीख चुकवू नका. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांना भेटताना नोटीस, काढलेल्या पोस्टची प्रत, तुमचे दोन लेखी नकार आणि १९०९ चे तक्रार क्रमांक तारखेच्या क्रमाने लावून न्या.