प्रश्न तुमचे: एकोणीस नंबरच्या मुलापुढचे पाच जण

प्रश्न: माझा मुलगा या ऑगस्टमध्ये (२०२५) मिशिगन विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जातोय. गेल्या मोसमात दर शनिवारी तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना संपला की त्याचा फोन यायचा आणि एकच तक्रार असायची, "आई, आपल्याला पासच फेकता येत नाही गं." आता म्हणतो, नवा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ब्राइस अंडरवुड आलाय, यंदा काळजी नाही. जेमतेम १८ वर्षांचा मुलगा एकटा असं काय बदलणार? – एक वाचक, नोव्हाय

उत्तर: ताई, तुमच्या मुलाची तक्रार अगदी खरी होती. २०२४ मध्ये मिशिगनने १३ सामन्यांत २८६ गुण केले, म्हणजे सामन्याला सरासरी २२. यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) २७-२४ हरवलं त्या दिवशी तर पास फेकून सगळे मिळून अवघे ३२ यार्ड पुढे सरकले. शेवटचं मिनिट सुरू असताना चेंडू घेऊन धावणारा केलेल मलिंग्ज रेटून शेवटच्या रेषेपलीकडे घुसला म्हणून सामना हातात आला. ओहायो स्टेटला त्यांच्या घरी १३-१० ने हरवलं तेही बचाव, मलिंग्जचे पाय आणि डॉमिनिक झ्वाडाच्या किकवर. मी तो सामना उभ्यानेच पाहिला, बसवेना. पण मलिंग्ज गेला, आणि ज्याने ५६ झेल घेतले तो कोल्स्टन लव्हलंड आता शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात आहे. म्हणजे आधीच लंगडं असलेलं आक्रमण आणखी रिकामं झालंय.

अंडरवुड गुणी आहे, यात वाद नाही. ॲन आर्बरच्या शेजारच्या बेलव्हिलचा मुलगा, शाळेतून कॉलेजात येणाऱ्या खेळाडूंच्या २०२५ च्या तुकडीत देशात पहिल्या क्रमांकावर धरलेला. अंगावर १९ नंबर. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्याला चेंडू फेकायला वेळ कोण मिळवून देणार याची.

हे म्हणायला माझ्याकडे कारण आहे. ४ सप्टेंबर २००४ ला मी मिशिगन स्टेडियममध्ये होतो. क्वार्टरबॅक मॅट गुटिएरेझच्या खांद्याला दुखापत झाली आणि पहिल्या वर्षाच्या चॅड हेनीला उभं केलं. माझ्या बाजूचे आजोबा डोक्याला हात लावून बसले होते. त्याच मुलाने त्या मोसमात २५ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले आणि संघ रोझ बोल या मोसमअखेरच्या मानाच्या सामन्याला पोचला. का जमलं? एक तर झेल घेणारा ब्रेलन एडवर्ड्स होता. चेंडू नुसता उंच टाकावा आणि त्याने जाऊन काढावा. मिशिगन स्टेटविरुद्ध २७-१० अशी पिछाडी असताना तोच सामना ओढून आणला त्याने, तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत. दुसरा माइक हार्ट, तोही पहिल्याच वर्षाचा, पण १,४०० यार्डांच्या वर धावला. आणि पुढच्या फळीत, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांत, डेव्हिड बास आणि जेक लाँग. लाँग पुढे २००८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात तो) सगळ्यांत पहिला उचलला गेला. अशा भिंतीमागे हेनीला इकडेतिकडे बघायला उसंत मिळायची.

२००९ मध्ये टेट फोर्सियर आला, तोही पहिल्या वर्षाचा. पहिले चारही सामने जिंकले, सगळीकडे त्याचंच नाव. मोसम संपला ५-७ वर. तो मुलगा हिमतीचा होता, पण त्याला दर दुसऱ्या खेळात जीव मुठीत धरून पळावं लागायचं. ते बघताना फार वाईट वाटायचं.

म्हणून मी यंदा अंडरवुडपेक्षा त्याच्या पुढच्या पाच जणांकडे बघतोय. एल-हादी, क्रिपेन, लिंक यांना अनुभव आहे. पण डावा टॅकल (फळीच्या टोकाचा) माइल्स हिंटन आणि डावा गार्ड (त्याच्या शेजारचा) जॉश प्रीब दोघेही गेले. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ असते ती नेमकी डावीकडेच, म्हणजे जी बाजू त्याला दिसत नाही तीच नवी. माझी खरी धास्ती इथे आहे.

जमेच्या बाजूला दोन गोष्टी. नवे आक्रमण-प्रशिक्षक चिप लिंडसी नॉर्थ कॅरोलायनाहून आलेत. तिथे गेल्या वर्षी त्यांच्या हाताखाली ओमॅरियन हॅम्प्टन १,६०० यार्डांहून जास्त धावला, म्हणजे धावण्याची किंमत या माणसाला कळते. आणि धावणारे आहेत: अलाबामाहून जस्टिस हेन्स, शिवाय आपला जॉर्डन मार्शल, ज्याने ३१ डिसेंबरला त्याच अलाबामाविरुद्ध १०० यार्ड काढले. झेल घेणाऱ्यांत इंडियानाहून आलेला उंचापुरा डोनाव्हन मकली आहे. तो एडवर्ड्स नव्हे, पण अडचणीत चेंडू टाकायला एक माणूस तरी झाला.

माझा अंदाज विचाराल तर सरासरी २७-२८ गुण. मुलाला सांगा, सुधारणा नक्की होणार, पण नोव्हेंबरमध्ये जास्त दिसेल. सप्टेंबरमध्ये त्या पोराला शिव्या देऊ नकोस.

प्रश्न: टीव्हीवर मला चेंडू कुणाकडे आहे तेच कळत नाही. आक्रमण चांगलं चाललंय हे ओळखायचं कसं?

उत्तर: चेंडू सोडून द्या. क्वार्टरबॅकच्या पुढच्या फळीत, त्याच्या डाव्या हाताच्या टोकाला जो टॅकल उभा आहे त्याला बघा, पहिले दोन सेकंदच. पास टाकायचा असेल तर चेंडू मागे गेला की तो मागे सरकतो. खांदे समोरच्याला चौकोनी ठेवून, हात त्याच्या छातीवर टेकवून सरकला तर निश्चिंत राहा. खांदे बाहेरच्या बाजूला वळले की समजा समोरचा निसटला, आणि पुढच्या क्षणी क्वार्टरबॅक पळताना दिसेल. दोनतीन सामने असे बघा, चेंडू आपोआप दिसायला लागेल.

प्रश्न: कोणत्या सामन्यावरून मोसमाचा अंदाज बांधावा?

उत्तर: ३० ऑगस्टच्या न्यू मेक्सिकोच्या सामन्यावरून मुळीच नाही, तिथे सगळं छानच दिसेल. ६ सप्टेंबरला नॉर्मनमध्ये ओक्लाहोमाशी रात्रीचा सामना आहे. त्यांचा प्रशिक्षक ब्रेंट व्हेनेबल्स म्हणजे बचावातला मुरलेला माणूस. नवख्या मुलावर तो कुठून कोण सोडेल याचा नेम नाही. त्या रात्री एक कागद जवळ ठेवा. प्रत्येक तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला तिसरा) मिशिगनला किती यार्ड हवे आहेत तो आकडा लिहीत जा. बहुतेक आकडे तीन किंवा चार असे असतील तर आधीच्या दोन डाउनमध्ये हेन्स आणि मार्शलने काम केलंय, आणि मग सामना हरला तरी मी खूश असेन. आठ-नऊ-दहा असे पडत गेले, तर फळी बसायला अजून वेळ आहे. तो कागद फेकू नका, २९ नोव्हेंबरला ओहायो स्टेट ॲन आर्बरला येईल तेव्हा शेजारी दुसरा ठेवून बघा.