चांदोली-दाजीपूर भागात एका दिवसाचे ट्रेक कसे आखावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात चार दिवस पुण्याहून कोल्हापूरला येताय, मुक्काम शहरातच. सोबत पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि पासष्टीचे वडील. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी-दाजीपूर धरून रोज एक ट्रेक बसवायचाय.

मी कोल्हापूरची. गेली अठरा वर्षं पश्चिमेच्या या डोंगरांत फिरतेय, कधी मैत्रिणींबरोबर, कधी मुलाला घेऊन. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. चांदोली किंवा दाजीपूरच्या जंगलात सॅक पाठीवर टाकून मनाला येईल तिकडं चालता येत नाही. चांदोली हे ३१७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० पासून ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं, वाटाड्या सोबत घ्यायचा आणि ठरलेल्या रस्त्यानं गाडीतून फिरून यायचं, अशी तिथली रीत. तुम्ही वाचलेले बरेच अनुभव फक्त 'चांदोली' असा उल्लेख करतात, पण त्यातलं चालणं बहुतेक वेळा उद्यानाबाहेरच्या कड्यांवरचं किंवा कोकणातून चढणाऱ्या वाटांवरचं असतं. मला हा नियम पटतो. वारणेच्या धरणासाठी आणि उद्यानासाठी इथली गावंच्या गावं उठून गेली. ज्यांनी घर सोडलं त्यांच्या जागेवर आता जंगल उभं राहतंय, तिथं आपण सुट्टीच्या दिवशी गोंगाट करत फिरणं बरं नाही.

म्हणून माझा आराखडा असा: जंगलाच्या आत एक दिवस गाडीचा, जंगलाच्या काठानं दोन दिवस पायांचे आणि एक दिवस मोकळा. चार दिवसांत चार ट्रेक बसवू नका. कोल्हापुरातून रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचं, चालायचं आणि तेवढंच परत यायचं. तिसऱ्या दिवशी मुलगा गाडीतून उतरायला तयार होत नाही, हे माझ्या घरचंच पाहिलेलं आहे.

गाडीच्या दिवसासाठी चांदोलीपेक्षा दाजीपूर घ्या. कोल्हापूरहून राधानगरी साधारण पन्नास किलोमीटर, दाजीपूर ऐंशीच्या आसपास. रस्ता पुढं फोंडा घाटानं कोकणात उतरतो. दाजीपूर हे गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. त्याआधी ते कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. आज दाजीपूर धरून राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा आपल्या सह्याद्रीतल्या चार जागा त्यात आल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे चांदोली बघायची तुमची हौस दाजीपुरातही भागते.

पहाटे पाचला कोल्हापूर सोडा. गेट उघडायच्या वेळेला पोचलात तर जंगल जागं असतं. दहानंतर गवे सावलीत आत निघून जातात आणि मग तुम्ही फक्त खड्ड्यांचा रस्ता बघून येता. आतल्या रस्त्याला उंच गाडी लागते. तुमची छोटी कार असेल तर गेटवर मिळणारी गाडी घ्या, स्वतःची घालू नका.

गवा पहिल्यांदा जवळून पाहिला तो प्रसंग सांगते. वळणावर गाडी थांबली. आधी मला फक्त पाय दिसले, गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. मग कारवीच्या झुडपातून एक माजलेला नर बाहेर आला आणि रस्त्याच्या मधोमध आडवा उभा राहिला, अख्खी कूस आमच्याकडं करून. वाटाड्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि तळहात खाली दाबून सगळ्यांना गप्प केलं. हळू आवाजात म्हणाला, "आडवा हुबारलाय म्हंजे अंग दाखवतोय. त्याला वाट द्या, आपण थांबायचं." गव्यानं नाकातून एक जोराचा फुसकारा सोडला. मागून तीन माद्या आणि एक तांबूस वासरू रस्ता ओलांडून गेलं, मग तोही गेला. पाच मिनिटांचा मामला. त्या पाच मिनिटांत आमच्यातल्या कुणीतरी दार उघडून फोटोला उतरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला घाटातून परत येताना आला. हा प्राणी दिसायला संथ, पण वजन आठशे-नऊशे किलोपर्यंत जातं आणि पळायला लागला की माणसाचं काही चालत नाही. चालताना समोर आला तर थांबा, नजर न हटवता मागं सरका आणि त्याला निघून जायला जागा ठेवा. वासरू आणि आई यांच्या मध्ये कधीच येऊ नका.

दाजीपूरलाच थोडं चालायचं असेल तर शिवगड आहे. छोटा किल्ला, वाटेत उगवाई देवीचं देऊळ आणि माथ्यावरून खाली पसरलेलं कोकण. वाट दाट झाडीतून जाते, चढ फारसा नाही, मुलाला जमेल. पण तोही अभयारण्यातच येतो, त्यामुळं त्या दिवशी पायी सोडतायत का आणि सोबत कुणाला घ्यायचं, हे गेटवर विचारूनच ठरवा. परतताना राधानगरीचं धरण वडिलांना दाखवा. शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधायला घेतलेलं, सात स्वयंचलित दरवाजांचं. पाणी एका पातळीला आलं की हे दरवाजे आपोआप उघडतात. पावसाळ्यात "किती दरवाजे उघडले?" हा आम्हा कोल्हापूरकरांचा रोजचा प्रश्न असतो, कारण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं.

पायांचा पहिला दिवस मसाई पठारासाठी ठेवा. पठार पन्हाळगडाजवळ आणि पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर, त्यामुळं प्रवासाचा शीण नाही. राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजातून उतरून म्हाळुंगे गावावरून पठारावर चढायचं. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू ज्या वाटेवर लढले, त्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेचाच हा पहिला टप्पा. पुढं पावनखिंडीपर्यंत दोन दिवसांची चाल आहे, ती या खेपेला मनात आणू नका. पठारावर मसाई देवीचं देऊळ आहे, पोटात पांडवदऱ्याची लेणी आहेत आणि बाकी नजर पोचेल तिथपर्यंत सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. जाऊन-येऊन पूर्ण दिवस धरा. वडील त्या दिवशी पन्हाळ्यावरच राहू शकतात: सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा, सगळं निवांत बघण्यासारखं आहे. पठाराजवळ गाडी पोचते, पण कृपा करून गाडी सड्यावर घालू नका. डिसेंबरात तो वाळका माळ दिसतो, मात्र त्याच इंचभर मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्या वनस्पती उगवतात. एकदा चाक फिरलं की ती माती दगडावरून निघून जाते.

याच पठारावर आमची एकदा वाट चुकली, ते सांगायला हवं. सप्टेंबरचा महिना, आम्ही चौघी. देवळापासून निघालो आणि दहा मिनिटांत कोकणाच्या बाजूनं धुकं आलं. पाच हातांवरची मैत्रीण दिसेना. सड्यावर झाड नाही, बांध नाही, सगळ्या दिशा सारख्याच. मला वाट पाठ आहे या भरवशावर मी पुढं चालत राहिले आणि गुरांच्या वाटेनं भलत्याच बाजूच्या उताराला लागले. खाली दरी होती, ती आम्हाला दिसत नव्हती, फक्त वारा खालून वर यायला लागला म्हणून पाय थांबले. तेवढ्यात म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. घोंगडी घेतलेले एक धनगर आजोबा होते. त्यांनी आम्हाला जागेवर बसवलं आणि म्हणाले, "धुकं असल्यावं चालायचं न्हाई पोरीनू, बसायचं. ते काय दिसभर ऱ्हातंय व्हय?" पाऊण तास बसलो. धुकं फाटलं तेव्हा कडा आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होता. तेव्हापासून सड्यावर धुकं आलं की मी बसते, कितीही उशीर होवो. डिसेंबरातही सकाळी असं धुकं मिळू शकतं. मुलाला आधीच सांगून ठेवा.

पायांच्या दुसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत. वडिलांना सोबत घ्यायचंच असेल तर गगनबावडा. पंचावन्न किलोमीटर, गगनगडावर पायऱ्यांनी जाता येतं, वर गगनगिरी महाराजांचा मठ आणि समोर करूळ व भुईबावडा हे दोन्ही घाट. चालणं कमी, बघणं भरपूर. वडील मठात बसतील, तुम्ही कड्याकडेनं फिरून या.

तुम्हाला खरं रान पायी बघायचं असेल, तर मात्र रांगणा किल्ला. माझा सगळ्यात आवडता. भुदरगड तालुक्यात पाटगाववरून पुढं भटवाडी, चिक्केवाडी आणि मग दाट जंगलातून किल्ल्याच्या दारात. वर रांगणाईचं देऊळ आहे, तळं आहे, कोकण दरवाजा आहे आणि त्या दरवाजात उभं राहिलं की पायाखालून सरळ कुडाळकडचा मुलूख. शिवरायांनी गड नीट करून घेतला होता. वाट लांब आहे, फाटे बरेच आहेत आणि गव्यांचा वावर आहे. भटवाडीतून गावातला माणूस सोबत घ्याच. त्याला मिळणारे पैसे गावात राहतात आणि तुमचा दिवस वाट शोधण्यात जात नाही. वडिलांना या दिवशी कोल्हापुरात राहू द्या. येताना पाटगावात मध घ्या. हे गाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं आणि तिथला मध खरंच रानाच्या चवीचा असतो. मौनी महाराजांचा मठही तिथंच.

चालण्याचा हिशेब किलोमीटरवर करू नका. सपाटीला तासाला तीन-चार किलोमीटर होतात, जंगलातल्या चढाला दोन झाले तरी पुष्कळ. मी नेहमी परतीपासून उलटं मोजते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं. म्हणजे पाचला गाडीशी यायचं. उतरायला तीन तास धरले तर दोनला माथा सोडायचा, मग तळं बघून झालेलं असो वा नसो. ही वेळ सकाळीच सगळ्यांना मोठ्यानं सांगायची, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाही.

पाणी माणशी तीन लिटर, मुलाला दोन. डोंगरातले झरे डिसेंबरात चालू असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. खायला ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वेफर्सनं तहान वाढते. कोरडी भाकरी संध्याकाळपर्यंत टिकते, चपातीपेक्षा हाताला आणि पोटाला बरी पडते. बूट जुनेच घाला, नवे बूट पुण्यातच आठवडाभर वापरून मग आणा. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पॅंट, कारण गोचीड आणि खाजकुयली दोन्ही आहेत. अत्तर, सेंट काही लावू नका. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्या माश्यांना उग्र वास आणि धूर खपत नाही. मोहोळाखालून जाताना आवाज नाही, आणि विडी-सिगारेट तर मुळीच नाही. गवत वाळलेलं असतं, एका थोटकानं अख्खा डोंगर वणव्यात जातो.

राधानगरी सोडली की मोबाईलची रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि मुक्कामाच्या ठिकाणी कुठं जाताय आणि किती वाजता परत येणार, हे कागदावर लिहून ठेवा. साप चावला तर बांधाबांधी, चिरणं असलं काही करू नका, हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि जवळचा सरकारी दवाखाना. जंगलात प्राण्याचा किंवा वणव्याचा प्रश्न आला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

दिवसांची मांडणी अशी करा: पहिला मसाई पठार, कारण जवळ आहे आणि सगळ्यांचे पाय कळतात. दुसरा दाजीपूर. तिसरा मोकळा, अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पोटभर झोप. चौथा रांगणा किंवा गगनबावडा, मुलाचे पाय बघून. शनिवार-रविवार दाजीपूरला टाळा, पण गेटला आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे हे निघायच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा. चांदोलीचा मोह होत असेल तर पुढच्या खेपेला शिराळा तालुक्यात मणदूरच्या बाजूला मुक्काम करून या, कोल्हापुरातून धावत-पळत नको.

आणि दाजीपूरच्या गाडीत खिडकीची जागा वडिलांना द्या. चालायच्या दिवशी ते मागं राहणार आहेत.