तुम्ही विचारलंत: आजीची पैठणी, मामाचं मंगलाष्टक आणि आईची हळद

मागच्या अंकात म्हटलं होतं की लग्नात 'आपलं' असं काहीतरी करायचं असेल तर प्रश्न पाठवा. बरेच आले. हॉलच्या डेकोरेशनचे सगळे बाजूला ठेवलेत, त्यासाठी इन्स्टाग्राम आहेच. उरलेल्यातले चार घेतलेत.

ताई, आजीची लग्नातली पैठणी आईने जपून ठेवलीय, वांगी रंग, नारळी काठ, पदरावर मोर. आजी आता नाही. मला तीच नेसून बोहल्यावर उभं राहायचंय पण घडीवर दोन ठिकाणी विरलीय. नऊवारी शिवून देणारी म्हणते कापून मस्त रेडिमेड करून देते, आई म्हणते कात्री लावायची नाही म्हणजे नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

अगं, आधी ती साडी खिडकीशी उजेडात धर आणि घडीच्या रेषेवर खालून हात फिरव. जिथे बोटं आरपार दिसतील किंवा रेशीम हलक्या ताणाने कागदासारखं चर्रकन फाटेल, तिथे पोत गेलाय असं समज. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेल्या साडीचं हेच होतं, त्यात जरीचं वजन. रफूवाला दोन छिद्रं बुजवून देईल, पण नऊवारी म्हणजे कासोटा घट्ट खेचायचा, पाटावर बसायचं, उठायचं, वाकायचं, परत बसायचं, आणि विरलेलं रेशीम हे सगळं सहन करत नाही गं. सप्तपदीच्या वेळी मागून आवाज आला तर? म्हणून नेसायचा हट्ट सोड.

आता कात्रीचं. माझं मत विचारशील तर आईचं निम्मं बरोबर आहे. रेडिमेड नऊवारीसाठी अजिबात कापू नकोस, कारण तेव्हा साडी जाते आणि हातात शिवलेला ड्रेस राहतो, जो परत कुणी घालत नाही. पण पदर बहुतेक वेळा अंगापेक्षा धड असतो, कारण तिथली वीण दाट असते. तो नीट कापून वेगळा करून मागे सुती मलमलचं अस्तर लावून शेला करून घे. टाके अस्तराला आणि काठाला, जरीतून सुई शक्यतो घालू नकोस म्हणावं. नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ बांधतात ती या शेल्याची बांधायची, म्हणजे सगळ्या विधीत आजी खांद्यावर. फक्त गाठ मोराच्या भागाला मारू नका, शेल्याच्या टोकाला अस्तराचीच एक पट्टी जास्त ठेवायला सांग, गाठ तिची. अंतरपाट करायचा असंही काही जणी सुचवतील, पण दोन बाजूंनी दोघं ताणून धरणार आणि वर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, त्या रेशमावर डाग कायमचा.

उरलेल्या अंगातनं धड तुकडे निघतील तेवढे काढून ठेव. पुढे बाळाची कुंची होईल, आपल्याकडे आजीच्या लुगड्याची कुंची शिवायची पद्धत आहेच आणि आईला हे सांगितलंस की ती स्वतः कात्री आणून देईल बघ. आणि जरी काळी पडलीय म्हणून लिंबू-चिंच काही चोळायचं नाही. जुन्या जरीत चांदी असते, ती काळवंडतेच.

नमस्कार. भाचीच्या लग्नात मी स्वतः मंगलाष्टक लिहून म्हणणार आहे. पहिली ओळ अशी केली: 'मामाच्या घरची सुट्टी सरली गं, आता निघे सासरी'. अक्षरं मोजली, बरोबर 19 आहेत. पण गुरुजी म्हणतात चालीत बसत नाही. चूक कुठे आहे? (एक मामा, सातारा)

मामा, ओळ फारच गोड आहे, आधी ते सांगते. आणि गुरुजींचंही बरोबर आहे. आपली नेहमीची मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, त्यात 19 अक्षरं तर हवीतच, पण कुठलं लघु (हलकं, 'ल') आणि कुठलं गुरू (जड, 'गा') हेही ठरलेलं असतं: गा गा गा, ल ल गा, ल गा ल, ल ल गा, इथे 12 अक्षरांवर थांबायचं, मग गा गा ल, गा गा ल, गा. 'स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं' म्हणून झाल्यावर आपण जिथे श्वास घेतो ना, तीच ती जागा.

तुमचं 'मामाच्या घरची' अगदी चपखल बसलंय. 'आता निघे सासरी' पण. घोळ मधल्या 'सुट्टी'त आहे, जोडाक्षरामुळे मागचा 'सु' जड होतो आणि तिथे हलकं अक्षर पाहिजे. शिवाय शेवटी 'गं' आल्यामुळे 'सरली'तला जड 'ली' हलक्या अक्षराच्या जागी पडतो. 'सुट्टी' ऐवजी 'सुटीच' करा, 'गं' काढा:

मामाच्या घरची सुटीच सरली, आता निघे सासरी

झालं! म्हणून बघा मोठ्याने. शेवटच्या ओळीचं अजून सोपं, कारण 'कुर्यात् सदा मंगलम्' ही सात अक्षरं तयारच आहेत, तुम्हाला फक्त आधीची 12 जुळवायची. भाचीचं नाव बसत नसेल तर ओढून-ताणून बसवू नका, घरातलं लाडाचं नाव बसवा, तेच ऐकून ती हसेल (किंवा रडेल). चार ओळींचं एकच कडवं पुरे, फार तर दोन. लोक हातात अक्षता घेऊन उभे असतात, मुहूर्त गुरुजींना गाठायचा असतो, तेव्हा कागद आधीच त्यांना दाखवून तुमचा नंबर कितवा ते ठरवून घ्या. आणि माइकवाल्यालाही सांगा, तो नेमका तेव्हाच कुठेतरी गेलेला असतो.

ताई, बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आईने एकटीने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. आता काकू म्हणतात हळद आईने लावायची नाही, पहिल्या पाच सवाष्णी लागतात. आईपण म्हणते जाऊ दे. मला फार राग येतोय. (सोलापूर)

राग यायलाच पाहिजे. यात मी मधला मार्ग सांगणार नाही, पहिली हळद आईची. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव करून विधवांच्या प्रथा बंद केल्या, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, समारंभातून बाजूला ठेवणं, सगळंच, आणि मग राज्य सरकारनेही बाकीच्या गावांनी तसंच करावं म्हणून सांगितलं. एक अख्खं गाव हे करू शकतं तर तुमच्या घरातली एक काकू काय चीज आहे!

पण काकूंशी हळदीच्या दिवशी भांडू नकोस. आठ-दहा दिवस आधी, शक्य झालं तर काकांच्या समोर, शांतपणे सांग की असं ठरलंय. विचारू नकोस, सांग. सासरच्यांनाही नवरदेवाकडून कळव, म्हणजे ऐनवेळी तिकडची कुणी आत्या उभी राहणार नाही. आणि अवघड काम आईचंच आहे, ती 'जाऊ दे' म्हणते कारण चारचौघात कुणी काही बोललं तर लेकीचा दिवस खराब होईल अशी तिला भीती. तिला एकटीला पाठवूच नका, बहिणीने तिचा हात धरून पाटापर्यंत आणायचं. साडी तिला आवडते त्या रंगाची घेऊन द्या, फिकी नको.

अजून एक सुचवते. मंगळसूत्रातली एक वाटी माहेरची असते. आईच्या जुन्या मंगळसूत्राचं सोनं तिच्या कपाटात असेल, तिची तयारी असेल तर माहेरची वाटी त्यातून घडवून घे. 'अपशकुन' म्हणणारे निघतील. सोनाराला आणि तुम्हा तिघींना माहीत असलं की बास, सगळ्यांना सांगत कशाला बसायचं.

ब्लाउजच्या पाठीवर आरी वर्कमध्ये दोघांची नावं आणि तारीख करून घेऊ का? आणि नाक टोचलेलं नाही, नथीचं काय? (दुबई)

नावं-तारीख पाठीवर केलीस की तो ब्लाउज परत कुठल्याच लग्नात घालता येणार नाही, आणि आरी वर्क स्वस्त नसतं. आतल्या अस्तरावर साध्या दोऱ्याने करून घे, आईच्या किंवा आजीच्या हाताने असेल तर उत्तम, टाके वाकडे आले तरी चालतील. नथ दाबाची मिळते, पण घरी दोन-तीन तास घालून बघ, काहींचं नाक लाल होतं आणि सगळ्या फोटोत तेच दिसतं. भरगच्च मोत्यांची घेऊ नकोस, जेवताना पहिल्या घासालाच ती काढून ठेवावी लागते.