"माझंच रक्त पोराला मारतंय का?"

माझ्याकडे सल्ल्याला आलेलं कागलजवळच्या गावचं जोडपं. तो गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, ती घरी शिवण शिवणारी. चार वर्षांत तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा नववा आठवडा उलटला नाही. रिपोर्ट साडीच्या दुकानाच्या पिशवीत. ती पिशवी सासूबाईंच्या मांडीवर, त्या ती कुणाला देईनात.

एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून हिला टोचू, मग हिचं शरीर गर्भाला परका समजणार नाही. त्या खर्चासाठी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जाऊन बांगड्यांचं वजनही करून झालं होतं. तिची काळजी मात्र पैशाची नव्हती. "ताई, म्हणजे माझंच रक्त पोराला मारतंय का?"

नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांच्या चुकीने होतात. त्यात आईच्या रक्ताचा काय दोष?

आणि ही 'लस' काही आजची नाही. अमेरिकेतली तिची एक चाचणी 1999 साली प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या 86 जणींपैकी 31 जणींचा गर्भ टिकला. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या 85 जणींपैकी 41 जणींचा. 2002 साली तिथल्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर ती द्यायला मनाई केली.

"मग इथं अजून देतात कशी?" त्याने विचारलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

प्रतिकारशक्तीचा एक दोष मात्र खरोखर असतो, अँटीफॉस्फोलिपिड. त्यात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. त्यावर कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि गुठळ्या रोखणारं हेपॅरिन देतात. पण तपासणी किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह यावी लागते. पिशवीत त्या तपासणीचा रिपोर्ट एकच निघाला. आकडा जरासा वाढलेला, त्याभोवती लाल पेनाचा गोल. त्या गोलापायी बांगड्या निघाल्या होत्या! मी डॉक्टर नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

तीन महिन्यांनी तिघं परत आली. दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह, थायरॉइड ठीक, सोनोग्राफीत गर्भाशयही ठीक. अशा जोडप्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे उपचाराविना मूल होतं, हे मी समजावलं. पण 'काही सापडलं नाही' हे ऐकून कुणाचा चेहरा खुललेला मी अजून पाहिलेला नाही.

"आसं कसं? कायतरी इंजेक्शन द्या की वो," सासूबाई म्हणाल्या.

तिने पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. "नको आत्ती. लई सुया झाल्या."